श्रीनिवासरावांची रजा

आठवडाभर श्रीनिवासराव ऑफिसातून गुणगुणत घरी येत होते आणि मृणालिनीबाईंचा संशय वाढत होता. बावीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासून हा माणूस रोज संध्याकाळी कपाळाला आठ्या घालूनच यायचा. आता तोंडावर हसू? यात नक्कीच कुणीतरी बाई असणार!

शुक्रवारी त्या रिक्षाने नवऱ्याच्या मागे निघाल्या. त्यांची स्कूटर ऑफिस ओलांडून सरळ पुढे गेली आणि मिरजेच्या एका बोळात, बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या रशीदचाचांच्या दुकानापाशी थांबली. बाई आत डोकावल्या, तर श्रीनिवासराव मांडी ठोकून बसलेले, पुढ्यात उघडी पेटी, आणि बारीक कानशीने एकेका सुराची पितळी पट्टी घासताहेत.

“अहो!”

ते दचकून उभे राहिले. “रजा टाकलीय गं. आपल्याला जमतंय का, एवढंच बघत होतो. सोमवारी कामावर जाणार, देवाशप्पथ!”

बाईंनी मोर्चा चाचांकडे वळवला. “खरं सांगा, येतं का यांना हे?”

“कान पक्का आहे, वहिनी. वर्षभरात माझीच गिऱ्हाइकं पळवतील. त्यापेक्षा आत्ताच भागीदार करून घेतो म्हणतोय, तर ऐकत नाहीत.”

बाईंनी पदर खोचला आणि चाचांकडून कागद मागून घेतला.

“काय लिहितेस?” श्रीनिवासरावांनी घाबरत विचारलं.

“तुमचा राजीनामा. सही तेवढी करा. तुम्ही लिहायला बसलात, तर साहेबांची माफी मागून रजाच वाढवून घ्याल.”