शिट्टीवाल्यासाठी मोजे

"त्याचा पाय तुमच्याएवढाच असेल ना हो?" अर्धवट विणलेला मोजा नवऱ्याच्या पावलाला लावून बघत तिनं विचारलं.

"मला काय माहीत? मी कधी त्याचे पाय मोजलेत!"

"रोज सकाळी त्याची शिट्टी ऐकता, आणि एवढं साधं सांगता येत नाही. धन्य तुमची मैत्री!"

तो हसला. रजेवर आल्यापासून तो हसला असेल तर शिट्टीवाल्याच्या विषयावरच.

डोंगरातल्या चौकीवरून तो वर्षातून एकदा घरी यायचा, आणि आला तरी पुरता यायचा नाही. सकाळी उठून खिडकीशी उभा राहायचा, एका गाण्याची पहिली ओळ शिट्टीवर वाजवायचा आणि थांबायचा. दुसरी ओळ वाजवणारा तिकडं डोंगरात होता. मग हा मुकाट्यानं तोंड धुवायला जायचा.

एकदा तिनंच दुसरी ओळ वाजवून बघितली. नुसती हवा निघाली. दोघं पोट धरून हसले, आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं. वर्षभर आपण याची वाट बघायची आणि यानं घरी येऊन शिट्टीवाल्यासाठी झुरायचं! सवत परवडली.

पण राग तरी किती धरणार? तिकडं याचं मन लागतं ते त्या माणसामुळं, हे तिला कळत होतं. म्हणून तर मागच्या रजेत तिनं त्याच्यासाठी मफलर विणून दिला होता. पिवळा. ऐन शेवटी लोकर संपली, म्हणून एका टोकाला चार बोटं हिरवा. त्याच्या बदल्यात या खेपेला शिट्टीवाल्याकडून सुक्या जर्दाळूंचा डबा आला होता. डब्यावरचा कागद मात्र नखानं खरवडून काढलेला होता.

"एकदा घरी घेऊन या की त्याला. मी काय खाणार आहे का?"

"आमची रजा जुळत नाही," तो म्हणाला आणि उठून खिडकीशी गेला.

बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचा टीव्ही सकाळपासून बोंबलत होता. युद्ध सुरू झाल्यापासून म्हाताऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मुलगा काही सांगत नाही म्हणून त्यांनी परस्पर एका वाहिनीच्या बातमीदारालाच बोलावून ठेवलं होतं. तो दुपारी कॅमेरा घेऊन आला, दोन कप चहा प्यायला आणि म्हणाला, "शत्रू म्हणजे नुसते राक्षस, नाही का? अंगावर काटा येईल असा एखादा किस्सा सांगा."

"राक्षस असते तर मी इथं बसलो नसतो," नवरा म्हणाला. "दोन चौक्यांच्या मधे झरा एकच आहे. सकाळी ऊन खाली उतरेपर्यंत पाणी भरायची वेळ. त्यांचा माणूस येतो, आमचाही जातो. बंदुका वर ठेवून. त्या वेळात कुणी गोळी झाडत नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण दोन्हीकडचे पाळतात. लढाईत हेही असतं. एकदा हे दाखवा ना लोकांना."

"दाखवणारच!" बातमीदाराचे डोळे लकाकले.

तिला नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला!

संध्याकाळी टीव्हीवर लाल अक्षरं नाचू लागली: 'शत्रू पाणी पितोय, आपण बघत बसलोय!' नवऱ्याचं एकच वाक्य दाखवलं, बाकीचं कापलं. मग चार माणसं एकमेकांवर ओरडत राहिली. सासऱ्यांनी पहिल्यांदाच आवाज कमी केला.

नवरा फोनशी झटत होता. चौकीला फोन लागत नव्हता. "कुठून अवदसा आठवली मला," तो म्हणाला. "आता पाण्याला जाणारा मरणार."

तिच्या सुया थांबल्या. "शिट्टीवाला जातो पाण्याला?"

"रोज."

"मग?"

"परवाची गाडी आहे. रजा मोडून जातो."

जाऊ नका, असं अगदी ओठांवर आलं होतं. किती दिवसांनी आलेला माणूस! पण त्याचा चेहरा बघून तिनं शब्द गिळले. "मोजे घेऊनच जा," एवढंच म्हणाली, आणि स्वयंपाक सासऱ्यांवर टाकून विणत बसली. म्हाताऱ्यानं भात करपवला. तोच सगळ्यांनी खाल्ला.

निघायच्या दिवशी सकाळी पिशवी दाराशी होती. एक मोजा आत, दुसरा अजून सुयांवर. टाच तेवढी राहिली होती. खिडकीशी आज शिट्टी वाजली नव्हती.

"अरे, लवकर ये! तुझीच चौकी!" बाहेरून सासरे ओरडले.

ती सुया हातात घेऊनच धावली. नवरा आधीच टीव्हीसमोर उभा होता. निवेदकाचा आवाज चिरकला होता. पहाटे झऱ्यावर धडक कारवाई. पाण्याला आलेला शत्रू जागीच ठार. आपल्या एकाही जवानाला साधं खरचटलंही नाही.

"बघ!" सासऱ्यांनी टाळी वाजवली. "उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

तिचा जीव भांड्यात पडला. आनंदानं तिनं सासऱ्यांदेखत नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "ऐकलंत ना? आपल्यातल्या कुणाला काही झालं नाही. तुमचा शिट्टीवाला वाचला हो!"

नवरा टीव्हीवरून नजर हलवेना, म्हणून तिनंही तिकडं बघितलं.

कॅमेरा उपड्या डब्यांवरून फिरत झऱ्यापाशी गेला. तिथं पाण्याच्या काठावर शत्रूचा एक माणूस पालथा पडला होता. त्याच्या गळ्यात पिवळा मफलर होता, एका टोकाला चार बोटं हिरवा.