निळ्या जिभा

"या खेपेला लशीला हात लावायचा नाही," लितिया नवऱ्याला म्हणाली. "तू नुसती भांडी धू."

साकिउसा कोंबडीच्या पिल्लांची पाण्याची भांडी धूत राहिला. गेल्या वर्षी लस त्यानेच पाजली होती, आणि महिन्याभरात गंबोरोने सगळं खुराडं रिकामं केलं. पिल्लांच्या अंगातली रोगाशी लढायची ताकदच हा रोग खाऊन टाकतो. "लशीचं पाणी पिऊन जिभा निळ्या झाल्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या," असं तो शपथेवर सांगायचा. पण आदल्या रात्री यांगोना ढोसून पडलेल्या माणसाच्या शपथेला काय अर्थ? तेव्हापासून लितियाने त्याचा एक शब्द खरा मानला नव्हता. हीही पिल्लं गेली तर सुव्हाच्या हॉटेलात चादरी धुवायला जायचं, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

लशीचं पाणी झटकन प्यावं म्हणून पहाटेपासून पिल्लं तहानलेली ठेवली होती. लितियाचे खांदे भरून आले होते. तिने फ्रिजमधली लस काढली, ऊन लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून खिशात टाकली, आणि पाण्याच्या बादलीत दुधाची पावडर व कोण प्यालं ते जिभेवरून कळावं म्हणून निळ्या रंगाची गोळी घातली. आता पाणी थोडा वेळ तसंच ठेवून मग त्यात लस मिसळायची होती.

तेवढ्यात रस्त्यावरून पाद्रीबाबा जाताना दिसले. दारावरून जाणाऱ्याला जेवायला हाक मारली नाही तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, त्यातून हे पाद्री.

"या बाबा, चहा घेऊन जा."

ते आले. उकडलेला कसावा पोटभर खाल्ला. प्रार्थनाही सावकाश केली. पिल्लांना नावं असती तर एकेकाचं नाव घेतलं असतं. लितियाचा जीव खुराड्यात अडकला होता.

ती परतली तेव्हा पिल्लांनी ओरडून ओरडून कान किटवले होते.

"पाणी तयार आहे का गं?" साकिउसाने विचारलं.

"निळं दिसत नाही?" ती खेकसली आणि भराभर भांडी भरू लागली.

पिल्लं पाण्यावर तुटून पडली. थोड्या वेळाने तिने एक पिल्लू उचलून चोच उघडली. जीभ निळी. दुसऱ्याचीही निळी.

"बघ. याला लस पाजणं म्हणतात."

"मलाही अशाच दिसल्या होत्या," तो हळूच म्हणाला.

"पुरे झालं."

आणि तिला एकाएकी रडू आलं. किती दिवसांचा शीण होता तो. डोळे पुसायला तिने खिशातलं फडकं ओढलं. त्यातून लशीची बाटली गवतावर पडली, टोपणाचं सील तसंच.