गुळाची बादली

बसा जरा, एक गोष्ट सांगतो. तिकडं परदेशात अ‍ॅशबर्नपलीकडं राहणाऱ्या वीणाकाकूंनी गाभण घोडीचं चक्क डोहाळजेवण केलं. “आता बारशालाही घोडेच बोलावणार का गं?” त्यांचे यजमान, आमचे इंजिनिअर काका, हसले. शेजारीण नुकताच हॉर्स-शोवरून परतलेला आपला घोडा घेऊन आली. पाहुण्याचा मान पहिला, म्हणून काकूंनी गूळ-गाजराची बादली त्या घोड्याला धरली, मग तीच घोडीला. तीन आठवड्यांनी घोडी गाभडली. शिंगरू मेलेलंच पडलं. तपासणीचा रिपोर्ट आल्यावर व्हेटनं, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरनं, काकांना बाजूला घेतलं. “हर्पिसचा व्हायरस आहे. दुसऱ्या घोड्याच्या शेंबडातून येतो. बादली एकच होती?” काकांनी मागं वळून पाहिलं. तिकडं काकू तीच बादली घासत होत्या. “अहो, काय म्हणाला डॉक्टर?” जन्मभर नजर-बिजर सगळं थोतांड म्हणणारे काका त्यांच्याजवळ बसले. “नजर लागली गं आपल्या घोडीला.” कधी त्यांच्याकडं गेलात, तर तेवढं बादलीचं बोलू नका.