थायरॉइडची परवानगी

“थायरॉइड पुन्हा चढलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशी सूनबाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. मागच्या खेपेला त्यांनीच सांगितलं होतं, आणखी एक तपासणी चांगली आली की बाळाचा विचार करा. त्या एका वाक्यावर ती इतके दिवस हवेत चालत होती.

आता सासूबाईंनी तक्रारींचा पाढाच वाचला. घरात शिवणाचा धंदा, आणि सूनबाईचं मशीन म्हणजे नुसतं उधळलेलं घोडं. काल शाळेच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. थंडीतसुद्धा पंखा हवा. छातीत धडधड. जेवण म्हणाल तर चार घास. आणि ज्या मशीनच्या तेलाच्या वासात दिवस काढले, त्याच वासानं आता मेलीला मळमळतं.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. पाळीचं त्यांनी हळूच विचारलं. सूनबाई म्हणाली, ती काय, या दुखण्यात नेहमीच मागेपुढे होते. लक्ष कोण ठेवतं. नवरा एकदम छताकडे बघायला लागला.

नर्स तिला तपासणीला आत घेऊन गेली. थोड्या वेळानं आधी नर्सच बाहेर आली, आणि तिला हसू आवरेना.

मग डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. दिवस गेले की सुरुवातीला थायरॉइड आपोआपही चढतो. जुनं दुखणं उलटलंय की हा बाळाचाच प्रताप, ते आणखी तपासून कळेल. गोळी आजच बदलायची, पण आपल्या मनानं बंद करायची नाही. तपासण्या वरचेवर. अशी कितीतरी बाळंतपणं त्यांच्या हातून सुखरूप झाली होती.

सूनबाई हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. नवऱ्याचे कान लालबुंद झाले. ‘आधी तपासणी, मग बाळ’ असं आईला रोज बजावणारा तोच होता.

सासूबाईंनी डोळे मिटून देवाला हात जोडले. मग लेकाकडे रोखून पाहिलं.

“परवानगी मागायला आपण तिघं आलो म्हणते मी, आणि चौथं तर आधीच आत येऊन बसलंय.”