फॅनीबाईंचं पागोटं

लंडनची नामांकित नटी फॅनी नवऱ्याच्या नाटकमंडळीबरोबर पेशव्यांच्या पुण्यात आली. संगमावरच्या बंगल्यात प्रयोग झाला. राणी झालेली फॅनी विषाचा पेला पिऊन अशी काही मेली, की पुढे बसलेल्या सरदारांनी डोळे पुसले. ती उठून उभी राहिल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर जरीचं पागोटं ठेवलं.

"एवढा मान मला लंडननं कधी दिला नाही," ती दुभाषी यज्ञेश्वरपंतांना म्हणाली.

"देणार कसा? पागोटं पुरुषाला देतात. बाईला लुगडं-चोळी."

"मग मला पागोटं का?"

"सरदार म्हणाले, तमाशात लुगडं नेसणारे पोरगे पुष्कळ पाहिले, पण इतकं हुबेहूब बाईचं सोंग कुणाला साधलं नाही."

"पंत, मी बाईच आहे!"

"असाल. पण तुमच्या यजमानसाहेबांनीच सांगितलंय, की आमच्यातही बायकांची कामं पोरगेच करतात."

"सरदारांना?"

"छे हो. त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या बायकोला. तिच्याकडून गावभर झालं."

"बायकोला?"

"लग्नाआधी तिनं रोखठोक विचारलं ना, ती गोरी बाई तुमची कोण? साहेब म्हणाले, बाई कुठली, आमच्या मंडळीतला पोरगा आहे तो."

पंतांनी तिचं कललेलं पागोटं नीट बसवलं.

"दुभाषी मीच होतो. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही."