आठव्या चॅनेलचा मान

आयुष सोमवारी सकाळी सावनेरला रामाजीमामांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गल्ल्यावर बसला. पण हे झालंच नाही असं समजू. अजून शनिवारची दुपार आहे, जागा नंदनवन कॉलनीतला गार्गीचा स्टुडिओ आहे, आणि आयुष ड्रमर आहे.

पुण्याच्या एका बँडला ड्रमर हवा होता. रेकॉर्डिंग संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. निवड झाली तर पुणे, नाही तर मामांचं दुकान, असा घरात ठराव झाला होता. ठराव मामांनी मांडला होता आणि अनुमोदनही त्यांनीच दिलं होतं.

गार्गीचा स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना गाद्या, कोपऱ्यात मशीन, मशीनला आठ चॅनेल, म्हणजे आठच माईक. ड्रमसेट मात्र पंगतीएवढा होता. पायाने वाजवायचे दोन, काठीने वाजवायचे सात-आठ, वर झांजांचं झाड. यातला एकही नग आयुषने घेतलेला नव्हता. तो बारावी पास झाला तेव्हा प्रत्येक नातेवाइकाने एकेक आहेर केला होता. आणि आज सगळे नातेवाईक टेम्पोत बसून खापरखेड्याहून आपापला आहेर बघायला आले होते.

गार्गीने वाटणी केली. पायाच्या दोन ढोलांना मोठ्या तोंडाचे दोन माईक. मधल्या कडक आवाजाच्या स्नेअरला एक, हायहॅटच्या जोडझांजेला एक, समोरच्या दोन लहान ढोलांत मिळून एक. डोक्यावर दोन नाजूक माईक, ते वरून सगळंच ऐकतात. सात झाले. आठव्या चॅनेलचा माईक तिने खोलीचा घुमारा पकडायला कोपऱ्यात ठेवला.

"काहून वं पोरी," कुसुमआत्या म्हणाल्या, "माही झांज उपाशीच?"

"आत्या, वरचा माईक तिचंही ऐकतो."

"म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात जेवायचं."

मग मोठे काका बोलले, त्यांच्यामागून धाकटे काका. वेळ जात होता. वरच्या मजल्यावरच्या यमुताई दुपारी कानातलं ऐकायचं मशीन काढून झोपत, तेवढ्याच वेळात ड्रम वाजवायची परवानगी होती. गार्गीकडे मेलेल्या माईकांचा एक खोका होता. तिने तो उघडला आणि प्रत्येक उपाशी ढोलापुढे एकेक मेलेला माईक उभा केला. त्यांच्या वायरी सतरंजीखालून नेऊन दारामागच्या चपलांच्या रॅकमध्ये सोडल्या. नातेवाइकांनी आपापल्या माईकसोबत फोटो काढले आणि समाधानाने पुढच्या खोलीत चहाला गेले.

रामाजीमामा गेले नाहीत. त्यांचा ढोल काठीने वाजवायच्यांत सगळ्यांत मोठा, उजवीकडे तीन पायांवर उभा. मामांचा जन्म वायर विकण्यात गेला होता. वायर दिसली की तिच्या टोकापर्यंत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी सतरंजी उचलली आणि रॅकपर्यंत गेले.

"ही वायर तं चपलांत जाऊन राहिली," ते म्हणाले.

"मामाजी, हळू बोला."

"हळूच बोलून राहिलो. मले खरा माईक दे. बाकीच्यांचं मी पाह्यलंच नाही."

गार्गीने घड्याळाकडे पाहिलं. कोपऱ्यातला माईक उचलून मामांच्या ढोलापुढे ठेवला. खोलीचा घुमारा गेला, घरातली शांतता राहिली. मामांनी स्टूल ओढलं आणि आपल्या ढोलाशेजारी राखणीला बसले.

आता एकदाच वाजवण्यापुरता वेळ होता. आयुषने सुरुवात केली. तो जीव तोडून वाजवत होता. मामा मात्र मशीनकडे बघत होते. सात चॅनेलांचे दिवे नाचत होते, आठवा ढिम्म. या गाण्यात त्या ढोलाचं कामच नव्हतं. मामांनी अर्धं गाणं सहन केलं. पण कनेक्शन घेतलंय आणि लोड नाही, हे इलेक्ट्रिकच्या माणसाला किती वेळ बघवणार? त्यांनी हात लांब केला आणि तळहाताने ढोलावर मारलं. धुम्म. दिवा लागला. मग जसजसं आठवेल तसतसं ते मारत राहिले.

गाणं संपलं आणि छतावर काठी आपटली. यमुताई उठल्या होत्या.

"मामाजी, मधातच काहून मारलं?" आयुषने विचारलं.

"तुले आठवण नव्हती. मी आठवण देली."

गार्गीने आठवं चॅनेल बंद करून पाहिलं. धुम्म तसाच. डोक्यावरचे दोन माईक सगळंच ऐकतात, हे तिनेच सांगितलं होतं. दुसरा इलाज नव्हता. तिने होतं तसं पाठवून दिलं.  परतताना टेम्पोत आयुष मामांना सोडून झांजांच्या बाजूला बसला.

रविवारी पुण्याहून फोन आला. आयुषने तो सगळ्यांसमोर स्पीकरवर ठेवला.

"बाकीचं ठीक आहे, तसं वाजवणारे इथे बरेच आहेत," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण तो ठोका. कधी येईल याचा अंदाजच लागत नाही. असा माणूस आम्ही कधीपासून शोधतोय. तो कोणी वाजवलाय?"



"म्या," मामा म्हणाले. "चॅनेल नंबर आठ."

ठराव काढून पुन्हा वाचण्याची गरज पडली नाही. निवड झाली तर पुणे, नाही तर दुकान. निवड कोणाची, हे त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. मामा त्याच संध्याकाळी ढोल घेऊन पुण्याच्या गाडीत बसले.

तर सोमवारी आयुष गल्ल्यावर बसला. बुधवारपर्यंत त्याने बल्बचे होल्डर विकले, वायरिंगच्या पट्ट्या विकल्या, एका गिऱ्हाइकाला पंख्याचा आवाज सुरात नसल्याचं सांगून परत पाठवलं. मग दुकानाच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला आणि मालकांकडे, म्हणजे पुण्याला मामांकडे, रवाना केला:

"महोदय, या दुकानाच्या गल्ल्यास सर्वथा योग्य असा इसम सध्या आपल्या बँडमध्ये कार्यरत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सदर इसमास तात्काळ मूळ जागी रुजू करून घेऊन अर्जदारास कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती."