रेगेसाहेबांचं प्राग

"अगं, पुन्हा बोट आलं फोटोत! साधा मोबाइल धरता येत नाही तुला?" प्रागच्या जुन्या पुलावर रेगेसाहेब बायकोवर खेकसले आणि पोट आत ओढून पुतळ्याशेजारी पुन्हा ऐटीत उभे राहिले. टूरवाली मुलगी पुलाचा इतिहास सांगत होती. साहेब गॉगल सारखा करण्यात गर्क.

संध्याकाळी बसमध्ये रेगेकाकूंची सीट रिकामी! फोनही लागेना. साहेबांची पाचावर धारण बसली.

"काका, पोलिसांना वर्णन द्यायचंय. काकूंनी आज काय घातलंय?" टूरवाल्या मुलीने विचारलं.

"काय म्हणजे... नेहमीचंच."

"बरं, आजचा एखादा फोटो दाखवा."

साहेबांनी घाईघाईने आपला मोबाइल चाळला. किल्ल्यापुढे साहेब, चर्चच्या पायरीवर साहेब, घड्याळाच्या मनोऱ्याखाली साहेब. मग पुलावरचा एक बिघडलेला फोटो आला. त्याच्या कडेला एक धूसर बोट होतं.

साहेबांनी मोबाइल पुढे केला. "ही... आमची मंडळी."